फ्रेंच लेखक मोपासांच्या 'द नेकलेस' कथेवर समीक्षेचा निबंध लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

आधी नेटवरचे सारांश बंद करा आणि पेन्सिल घेऊन कथा दोनदा वाचा, शेवट माहीत असताना दुसऱ्या वाचनात बरंच काही हाती लागतं. म्हणजे बघा, मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवल्यावर कारकून नवरा आणि त्याची बायको डबीतलं नाव वाचून त्या सराफाकडे जातात तर तो म्हणतो हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली होती! हार खोटा असल्याची खूण तिथेच पडलीये. आणि त्या बदली विकत घेतलेला खरा हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. अशा दोन-तीन जागा पकडून एकच मुद्दा लावून धरा, उदा. नव्या हाराचे ३६,००० फ्रँक आणि त्याचं कर्ज फेडण्यातली १० वर्षं नक्की कशापायी गेली, हारापायी का चारचौघांत दिसण्यापायी. मग १८८४ च्या सुमारच्या पॅरिसमधल्या कारकुनाच्या राहणीबद्दल थोडं वाचा. फक्त गोष्ट परत सांगत बसू नका, सरांनी ती वाचलेलीच असते.