मुदत ठेव मोडून कार्डाचं देणं फेडू का?

मिरजेहून पुण्यात नोकरीला आलेल्या २७ वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आहे. थोडक्यात असं: "पहिल्या नोकरीत २४,००० पगार होता, त्यातले ११,००० दरमहा बाजूला टाकायचे. त्यातून २ लाख बँकेत आणि १ लाख २० हजार बाबांच्या पतसंस्थेत अशा ठेवी झाल्या. आता हातात ५८,००० येतात आणि क्रेडिट कार्डावर ८४,००० थकलेत. दरमहा किमान रक्कम भरते. ठेव मोडू, की जुन्या नोकरीचा पीएफ काढू? ठेवीला हात लावायचा म्हटलं तरी अपराधी वाटतं. मी उधळी झालेय का?"

ठेव मोडा. पतसंस्थेतली मोडा, आणि याच महिन्यात.

तुम्ही पाठवलेलं स्टेटमेंट समोर ठेवून हिशेब केला. कार्डाचं व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे ८४,००० वर २,९४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. तुम्ही भरता ४,२००. त्यातले ३,४६९ व्याजात आणि करात जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम ७३१ रुपयांनी. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. परवा कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही त्याच दिवसापासून व्याज चढतंय. आणि तुमच्या सगळ्या ठेवी मिळून, बँकेत ७ आणि पतसंस्थेत ९ टक्के धरले तरी, महिन्याला २,०६७ रुपये कमावतात. म्हणजे ठेवी शाबूत ठेवण्यासाठी तुम्ही दरमहा चौदाशे रुपये पदरचे घालताय.

पतसंस्थेतल्या ठेवीचा दर तर जास्त आहे, मग तीच का मोडायची? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. दोन टक्के जास्त मिळतात ते या जोखमीचे. मुदतीआधी मोडल्यामुळे थोडं व्याज कमी मिळेल, ते सोसा. कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजातच ते बहुधा भरून निघेल. पीएफला मात्र हात लावू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं, आणि तुमच्या वयात त्या पैशापुढे तीस वर्षं आहेत. तो आत्ताच्या नोकरीच्या खात्यात वर्ग करून घ्या.

आता अपराधी वाटण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की वर्ष संपलं की आई जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून दाभणाने शिवायची आणि त्याची रफ वही व्हायची. बाबा एसटीत कंडक्टर, घरात दोन शिकणारी मुलं. त्या घरात काटकसर कुणी निवडली नव्हती, ती करावीच लागत होती. बाविसाव्या वर्षी तुम्ही तीच सवय पुण्यात आणलीत. चौघींच्या खोलीत एक कॉट, मेसचा एकच डबा दोन वेळा. पुढे पगार दुपटीहून वाढला आणि हात सैल सुटला. माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या कितीतरी मुलामुलींचं हेच होतं: तीन वर्षं घट्ट आवळलेली मूठ आणि मग दीड वर्षात गोवा, नवा फोन, रात्री साडेदहाला मागवलेलं जेवण. यात मला बिघाड दिसत नाही. घरून आलेली सवय आपली आहे की नाही, हे माणूस असंच तपासून बघतो.

तुमचे खर्च मी एकेक करून पाहिले. कॉट सोडून १३,००० भाड्याची स्वतंत्र खोली घेतलीत, ती अजिबात सोडू नका. बसमधले रोजचे अडीच तास वाचले आणि झोप लागायला लागली, असं तुम्हीच लिहिलंय. फोन ३८,००० चा, तोही चार वर्षं वापरलात तर ठीक. खरं भोक आहे ते ऑटोपेमध्ये. कार्ड घेताना फॉर्मवर 'किमान देय' या चौकटीत खूण झाली आणि दरमहा खात्यातून पैसे जाताना दिसत राहिले, म्हणून फिटतंय असं वाटलं. ती खूण आधी 'एकूण देय' वर आणा. पूर्ण फिटेपर्यंत कार्ड वापरू नका.

ठेवीचे पैसे हातात आले की कार्ड कंपनीकडून त्या दिवसाचा पूर्ण फेडीचा आकडा लेखी मागवा, कारण तो ८४,००० पेक्षा थोडा जास्त निघेल. भरून तीसेक हजार उरतील, ते बचत खात्यात अडीअडचणीला राहू द्या. मग पुढच्या महिन्यापासून बँकेत १०,००० चं रिकरिंग लावा. ४,२०० तर आजही जातातच आहेत, वर ५,८०० घालायचे. वर्षभरात १ लाख २० हजार परत उभे राहतात, वर व्याज वेगळं.

पतसंस्थेच्या ठेवपावतीवर बाबांचंही नाव आहे, तेव्हा सही त्यांचीही लागू शकेल आणि सांगावं तर लागणारच. फोनवर सांगू नका. मिरजेला जा, स्टेटमेंटचा कागद बरोबर न्या आणि ३,४६९ चा आकडा त्यांना स्वतः वाचू द्या. उभी हयात तिकिटांचा आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब जुळवलेला माणूस आहे, त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज पडणार नाही.