सिग्नलला गरम होणारी गाडी: हेड खोलण्याआधी पंखा तपासा

तुमचं म्हणणं असं, की गाडी पेट्रोल, दहा-बारा वर्षं जुनी. सोलापुरात सात रस्त्याला किंवा पार्क चौकात गर्दीत अडकली की तापमानाचा काटा वर चढतो आणि नेमकी तेव्हाच एसीची हवाही कोमट लागते. पण चार माणसं बसवून तुळजापूरचा घाट चढलात, तेव्हा काटा जागचा हलला नाही. एक मिस्त्री म्हणतो हेड पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू.

दोघांनाही आत्ता थांबवा. मी सोलापुरातच गॅरेज चालवतो, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय पंख्यावर आहे.

कारण असं. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो, पंख्याची गरज जवळजवळ नसते. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही तोच वारा लागतो. म्हणून काटा चढणं आणि एसी कोमट होणं एकदम घडतं. हेड पॅकिंग गेलं असतं किंवा रेडिएटर आतून चोकअप असता, तर घाटात, लोडवर, आधी बोंब झाली असती.

आता तपासा. इंजिन थंड असताना गाडी चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. हात, ओढणी, बाही जाळीपासून लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. फिरलाच नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंख्याला करंट देणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच). फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. मग मोटरचा कनेक्टर सुटा करून उजेडात धरा. एखादी पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं दिसलं, तर दोष तिथेच आहे. नवीन मोटर घालूनही तोच जळका कनेक्टर ठेवला तर तक्रार परत येते, हे मी कितीदा बघितलंय. कनेक्टर चांगला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मोटरला बॅटरीचं डायरेक्ट कनेक्शन देऊन बघा. डायरेक्टवरही गप्प राहिली तर मोटरच गेली. काही गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात, त्यात कमी स्पीडचा रेझिस्टर जळतो आणि पंखा फार उशिरा सुरू होतो. एसीवर पंखा फिरतो पण नुसत्या तापमानावर फिरत नाही, असं असेल तर मोटर ठीक आहे, सेन्सर आणि त्याची वायर बघा.

पंखा व्यवस्थित असेल तर टॉर्च घेऊन कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बघा. आपल्याकडे सीझनमध्ये उसाच्या ट्रॉलीमागून जाताना पाचट उडतं, मळणीच्या दिवसांत ज्वारीचं भुसकट, आणि धूळ तर बारमाही. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे गादी बसलेली असते. ती आतल्या बाजूने बाहेर, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल मी ठाम आहे: काढू नका. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. काढला तर इंजिन गरजेइतकं तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत कूलंट रेडिएटरला टाळून बायपासच्या आडवाटेनेच फिरतं, म्हणजे उलट गरम होतं. संशय असेल तर काढून पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आत तो उघडताना डोळ्यांना दिसतो. नाही उघडला तर नवीन टाका.

हेड पॅकिंगचा संशय मात्र स्वस्तात मिटवता येतो. थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू करा. बुडबुडे येतच राहिले, ऑइलच्या झाकणाखाली चहासारखा फेस दिसला, किंवा कुठेही गळती नसताना बाटलीतलं कूलंट कमी होत असेल, तर मिस्त्री बरोबर असू शकतो. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

आणि एक विचारतो: कूलंटऐवजी बोअरचं पाणी तर घालत नाही ना? आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. उघडलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर इतका घट्ट बसलेला असतो की तार आत जात नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, रंग बघून नव्हे. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला. झाकण नीट दाब धरत असेल तर हे मिश्रण 125 अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की बरंच आधी उकळतं, आणि मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असताना तेवढं अंतर लागतं.

दुरुस्ती होईपर्यंत गर्दीत काटा चढला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण लावा. घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा लाल रेषेला टेकला तर घर जवळ आलं असलं तरी गाडी बाजूला घेऊन बंद करा, अॅल्युमिनियमचं हेड वाकायला वेळ लागत नाही. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका.

एसी लावल्यावर पंखा फिरला की नाही, आणि कनेक्टर कसा दिसला, तेवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.