दिलगिरी मागायची नसते

प्रश्न : एका विनोदी नटाच्या रंगमंचावरील शिवीगाळीवर लिहिलेल्या मजकुरात ‘त्याने दिलगिरी मागितली’ असे वाचले. बरोबर आहे का? आणि अशा माणसाला ‘विदूषक’ म्हणावे का?

उत्तर : चूक. बातम्यांत रोज कानावर आदळते, म्हणून बरोबर ठरत नाही. ‘खेद मागितला’ कुणी लिहितं का? मग दिलगिरी कशी मागता?

‘दिलगीर’ फारसी. दिल म्हणजे काळीज आणि ‘गीर’ म्हणजे पकडणारा किंवा पकडलेला, क्रियापद ‘गिरिफ्तन’. आपला ‘गिरफ्तार’ त्याच घरचा. जग पकडतो तो जहांगीर, मुलूख पकडायची ती मुलुखगिरी. (‘कारागीर’ मात्र यात घुसडू नका. तो मूळचा ‘कारीगर’, म्हणजे करणारा. मराठीने त्याचा ‘गीर’ केला.) तर दिलगीर म्हणजे काळीज धरलं गेलेला, खिन्न. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात अर्थ दुःखाचाच आहे. दिलगिरी ही आपल्याच छातीतली गोष्ट. ती फक्त व्यक्त करता येते.

माफीचं तसं नाही. तिच्यामागचा अरबी ‘अफ्व’ म्हणजे पुसून टाकणं. सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी पाहा : ज्याचं येणं, त्यानेच पुसायचं. संशय आला तर शब्दापुढे ‘नाकारली’ लावा. ‘माफी नाकारली’ जमतं, ‘दिलगिरी नाकारली’ लंगडतं. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून शेजारी छापणाऱ्या कोशकारांनी ही साधी परीक्षाही घेतलेली दिसत नाही.

आणि खरी गंमत इंग्रजीत. ‘सॉरी’ हा ‘सॉरो’चा, म्हणजे दुःखाचा, भाऊ असं शिक्षकसुद्धा छातीठोक सांगतात. नाही! तो ‘सोअर’चा : ठणका, दुखरेपणा. जुन्या इंग्रजीत ‘सारिग’. सॉरोचा उच्चार आणि अर्थ त्याला नंतर चिकटले. म्हणजे लंडनचा सॉरी आणि इराणचा दिलगीर, दोघेही स्वतःचंच दुखणं सांगतात.

मायकेल रिचर्ड्सचं उदाहरण घ्या. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेतला क्रेमर. 17 नोव्हेंबर 2006 ला लॉस एंजेलिसच्या ‘लाफ फॅक्टरी’ या विनोदी कार्यक्रमांच्या क्लबात मध्येच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांवर तो वंशद्वेषी शिव्यांनी तुटून पडला, कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरील गप्पांच्या कार्यक्रमात तो उपग्रहावरून ‘सॉरी’ म्हणू लागला, तर स्टुडिओतले लोक हसायला लागले. स्टुडिओत बसलेल्या जेरी साइनफेल्डला, त्याच मालिकेतल्या त्याच्या सहकलाकाराला, सांगावं लागलं, हसू नका, हे विनोदी नाही. इथे मराठीत ‘दिलगिरी व्यक्त केली’ हेच चोख. ज्यांना शिव्या बसल्या ते त्या स्टुडिओत नव्हतेच, पुसायचं कुणी? त्यांनी पुढे समोरासमोर माफीची मागणी केली, तिथे ‘माफी’ आणि ‘मागणे’ दोन्ही शोभतात.

हां, विदूषक राहिलाच. वि + दूष् : नासवणारा, दूषणं देणारा. संस्कृत नाटकातल्या मोदकप्रेमी ब्राह्मणाला हे नाव का पडलं यावर पंडित अजून भांडतात. रिचर्ड्सला त्या रात्रीपुरतं ते धातूसकट बसतं.