संगणक सल्ला : वापर ४२ टक्के, तरीही काउंटरवर रांग का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे व्हर्च्युअल सर्व्हरांच्या क्षमतेविषयी आहेत. एका खऱ्या यंत्रावर (होस्टवर) व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने अनेक आभासी यंत्रे (व्हीएम) चालवली जातात; व्हीएमला दिलेला आभासी प्रोसेसर म्हणजे व्हीसीपीयू, आणि खऱ्या प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग म्हणजे कोअर. पहिल्या पत्रातील अडचण अनेक संस्थांत जशीच्या तशी आढळते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले आहे. बाकीची उत्तरे त्यामानाने थोडक्यात आहेत.

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये व्हीएमवेअरचे चार होस्ट आहेत. प्रत्येकात १६ कोअरचे दोन प्रोसेसर आणि ५१२ जीबी रॅम आहे. त्यांवर ९० व्हीएम चालतात आणि त्यांना मिळून ४६० व्हीसीपीयू दिलेले आहेत. क्लस्टरचा, म्हणजे चारही होस्टचा मिळून, सीपीयू वापर सरासरी ४२ टक्के दिसतो. तरीही सकाळी अकरा ते एक या वेळात शाखांमधील काउंटरवर व्यवहार रखडतात. पुरवठादाराच्या सांगण्यावरून डेटाबेसच्या व्हीएमचे ८ व्हीसीपीयू १६ केले, तर तक्रारी उलट वाढल्या. आता तो आणखी दोन होस्ट घ्यायला सांगत आहे. संचालक मंडळापुढे काय मांडावे?
— संगणक विभागप्रमुख, जि. सांगली

उत्तर : खरेदीचा प्रस्ताव तूर्त मंडळापुढे नेऊ नये. आपण दिलेल्या आकड्यांत सगळे काही आहे, फक्त ज्या आकड्यावरून निर्णय व्हायला हवा तो नाही. वापराची टक्केवारी म्हणजे प्रोसेसर किती वेळ कामात होता याचा हिशेब; एखाद्या व्हीएमला प्रोसेसर मिळण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागले, हे त्यातून कळत नाही. व्हीएमवेअरमध्ये ही प्रतीक्षा ‘सीपीयू रेडी’ या नावाने मोजली जाते. व्हीसीपीयूकडे काम तयार आहे, पण त्याला बसवायला कोअर मोकळा नाही, अशा स्थितीत गेलेला तो वेळ असतो.

हा आकडा टक्क्यांत नव्हे, तर मिलिसेकंदांत दिसतो, आणि तो वाचताना भलेभले गोंधळतात. ताज्या नोंदींच्या आलेखात प्रत्येक नोंद २० सेकंदांची, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांची असते. त्यामुळे एका व्हीसीपीयूमागे १,००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. व्हीएमच्या एकूण आकड्यात सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज झालेली असते. म्हणजे १६ व्हीसीपीयूंच्या व्हीएमपुढे १६,००० दिसले, तर ते भयंकर वाटले तरी प्रत्येकी ५ टक्केच भरते. दिवसभराच्या आलेखात मात्र नोंद ३०० सेकंदांची असते आणि तिथे तेच ५ टक्के १५,००० मिलिसेकंद म्हणून दिसतात. या आकड्याला २०,००० ने भागून ‘७५ टक्के रेडी’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल माझ्याकडे तपासणीसाठी येत असतात. प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांपर्यंतची प्रतीक्षा सामान्यतः खपून जाते. १० टक्क्यांच्या आसपास ती वापरणाऱ्याला जाणवू लागते. हा आकडा अकरा ते एक या वेळातच, २० सेकंदांच्या आलेखावर आणि होस्टनिहाय पाहावा, कारण चोवीस तासांच्या आणि चार होस्टांच्या सरासरीत दोन तासांची आणि एका होस्टची कोंडी बेमालूम विरघळून जाते.

आता व्हीसीपीयू वाढवल्यावर तक्रारी का वाढल्या ते पाहू. १२८ कोअरवर ४६० व्हीसीपीयू म्हणजे एका कोअरमागे साडेतीनहून थोडे अधिक. हे प्रमाण एरवी चिंताजनक नाही, आणि या गुणोत्तराच्या ठरीव मर्यादांवर माझा फारसा विश्वासही नाही. फाइल सर्व्हर आणि चाचणीची यंत्रे असतील तर सहासुद्धा सहजपणे निभावते, आणि एकाच वेळी घाम गाळणारे डेटाबेस असतील तर दोनसुद्धा जड जाते. खरी अडचण व्हीएमच्या आकारात आहे. एका व्हीएमच्या व्हीसीपीयूंनी एकमेकांपासून फार मागे-पुढे पडू नये, असे हायपरवायझरला (होस्टवरील व्हीएमना प्रोसेसर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला) पाहावे लागते. जुन्या ईएसएक्समध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या हायपरवायझरमध्ये, सगळे एकदमच बसवण्याचा कडक नियम होता. तिसऱ्या आवृत्तीपासून तो शिथिल झाला, पण गेला नाही. पंगतीत सोळा जणांच्या कुटुंबाने ‘आम्ही साधारण बरोबरच बसणार’ असा आग्रह धरला, तर त्यांना जागा मिळायला चौघांच्या कुटुंबापेक्षा जास्त वेळ लागणारच. जे व्हीसीपीयू पुढे गेले त्यांना मागच्यांसाठी थांबवले जाते आणि तो वेळ ‘को-स्टॉप’ म्हणून नोंदला जातो. आपल्या प्रोसेसरमध्ये १६ कोअर आहेत. त्यावर १६ व्हीसीपीयूंचे एकच व्हीएम बसवायचे म्हणजे त्या प्रोसेसरवरील इतर सगळ्यांशी रोज स्पर्धा लावून देणे होय. डेटाबेसच्या व्हीएमचा को-स्टॉप शून्याच्या बराच वर दिसत असेल, तर ते पुन्हा ८ वर आणावे. मात्र त्याआधी व्हीएमच्या आत पाहून घ्यावे : ऐन गर्दीत १६ पैकी पाच-सहा व्हीसीपीयूंइतकेच काम होत असेल तर ८ पुरेसे आहेत, तेराचौदा सतत व्यग्र असतील तर गरज खरी आहे, आणि मग शेजारच्या व्हीएमना दुसऱ्या होस्टवर हलवावे लागेल.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते सगळा फायदा त्यातच आहे. नव्वदही व्हीएमची यादी काढून दिलेले व्हीसीपीयू आणि गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष वापर शेजारी शेजारी लिहावा. ‘असू द्यावेत, लागले तर’ म्हणून ८ घेतलेली आणि दीडदोनवर भागणारी यंत्रे त्या यादीत हमखास सापडतील. मोजणीच्या कालावधीत महिनाअखेर यायलाच हवी, आणि बँक असल्यामुळे ३१ मार्चच्या आसपासच्या नोंदी उपलब्ध असतील तर त्याही पाहाव्यात. नाहीतर व्याजआकारणीच्या रात्री लागणारी क्षमता आपण जूनच्या आकड्यांवरून कापून बसाल. व्हीसीपीयू वाढवणे चालू व्हीएमवर जमू शकते, कमी करण्यासाठी मात्र ते बंद करावे लागते; म्हणून ही कामे सुट्टीच्या दिवशी, गटागटाने आणि संबंधित विभागाला आधी लेखी कळवून करावीत. व्हीसीपीयू काढून घेतले की विभागप्रमुख दुखावतात. कपातीआधीचे आणि नंतरचे रेडीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले, तर पुढचा वाद बराच वाचतो.

मंडळाने आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. चार होस्टपैकी एक बंद पडला तर उरलेल्या तिघांनी सगळा भार पेलला पाहिजे, म्हणून आपली वापरता येण्याजोगी क्षमता १२८ नव्हे, तर ९६ कोअर आहे. आजचे ४२ टक्के त्या दिवशी ५६ होतील, ते ठीक. पण गर्दीच्या वेळी ७० टक्के असतील तर ९३ होतील, आणि ९३ टक्क्यांवर रांग सरळ रेषेत वाढत नाही. एकाच खिडकीच्या रांगेचा साधा हिशेब असा, की खिडकी ५० टक्के व्यग्र असेल तर कामाला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट. अनेक कोअर असल्यामुळे प्रत्यक्षातील चढ याहून सौम्य असतो आणि उशिरा सुरू होतो, पण वळण तसेच असते. हायपरथ्रेडिंगमुळे पडद्यावर २५६ प्रोसेसर दिसत असतील, तर त्यांवर जाऊ नये; एका कोअरचे दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत.

दोन होस्ट घेतल्याने त्रास कमी होणार नाही, असे मी म्हणत नाही, तो होईलच. पण नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यापासून कायमचा परवाना मिळणे बंद झाले असून कोअरच्या संख्येवर वर्गणी द्यावी लागते. म्हणजे त्या दोन होस्टमधील ६४ कोअरचे पैसे यंत्रांच्या किमतीपलीकडे वर्षानुवर्षे भरत राहावे लागतील. यादी तपासून, कपात करून आणि एक महिनाअखेर पार पाडूनही गर्दीच्या वेळचा रेडी १० टक्क्यांवरच राहिला, तर नि:शंकपणे खरेदीचा प्रस्ताव मांडावा. तेव्हा पुरवठादाराच्या पत्रापेक्षा आपल्याच मोजणीचा आधार हाती असेल.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात होस्टची रॅम ८८ टक्के ‘कन्झ्युम्ड’ आणि केवळ १८ टक्के ‘ॲक्टिव्ह’ दिसते. याचा अर्थ आणखी बरीच व्हीएम बसवता येतील असा घ्यावा का?
— नाशिक

उत्तर : घेऊ नये. ‘ॲक्टिव्ह’ हा अंदाज असतो : हायपरवायझर व्हीएमच्या रॅममधील काही पाने (रॅमचे छोटे तुकडे) नमुन्यादाखल निवडतो आणि अलीकडच्या काही क्षणांत त्यांपैकी किती पानांना हात लागला यावरून तो आकडा काढतो. डेटाबेसने कॅशेत जपून ठेवलेला रुग्णांचा इतिहास या क्षणी कोणी वाचत नसेल, तर तो ‘ॲक्टिव्ह’ ठरत नाही. पण ती रॅम काढून घेतली, तर पुढची प्रत्येक चौकशी डिस्कवर जाईल. दुसऱ्या बाजूने ‘कन्झ्युम्ड’ही फुगलेला असतो, कारण व्हीएमने एकदा वापरलेले पान आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमने मोकळे केले, तरी होस्टला ते आपोआप परत मिळत नाही. खरी गरज या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती व्हीएमच्या आत, त्या त्या सॉफ्टवेअरकडूनच विचारावी लागते.

रॅमच्या बाबतीत मी सीपीयूपेक्षा बराच कंजूष आहे. सीपीयू जास्त वाटला गेला तर काम थोडे थांबते. रॅम जास्त वाटली गेली आणि होस्टवर स्वॅपिंग (रॅममधील मजकूर डिस्कवर हलवणे) सुरू झाले तर काम जवळजवळ बसते. त्याआधी बलून ड्रायव्हर (रॅम परत मिळवणारा छोटा प्रोग्राम) व्हीएमच्या आत फुगून त्यालाच अनावश्यक पाने सोडायला लावतो, आणि त्यासाठी प्रत्येक व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स चालू असणे आवश्यक आहे. अनेक व्हीएममधील सारखी पाने एकच ठेवून रॅम वाचवण्याची जुनी सोय सुरक्षेच्या कारणावरून २०१४पासून व्हीएमवेअरमध्ये मुळातच बंद ठेवलेली असते, तेव्हा तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये. बलून किंवा स्वॅपचा आकडा शून्याच्या वर राहत असेल, तर नवे व्हीएम बसवू नये आणि रुग्णनोंदींच्या डेटाबेसला रॅमचे पूर्ण आरक्षण द्यावे.

प्रश्न : आम्ही सर्व्हर भाड्याच्या क्लाउडमध्ये ठेवले आहेत. होस्ट आम्हाला दिसतच नाही. मग प्रतीक्षा मोजायची कशी?
— पुणे

उत्तर : लिनक्स असेल तर ‘टॉप’ या आज्ञेच्या सीपीयूच्या ओळीतील शेवटचा ‘एसटी’ हा आकडा पाहावा. आपल्या व्हीएमला हवा असलेला, पण हायपरवायझरने दुसरीकडे दिलेला वेळ त्यात टक्क्यांत दिसतो. तो गर्दीच्या वेळी सतत पाच-दहा टक्क्यांवर राहत असेल, तर आपला प्रोग्राम दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. ॲमेझॉनची ‘टी’ मालिकेतील स्वस्त यंत्रे वापरत असाल, तर आधी क्रेडिट तपासावे : एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू पूर्ण ताकदीने एक मिनिट. टी३ मायक्रोला तासाला १२ क्रेडिट मिळतात, म्हणजे दोन्ही व्हीसीपीयूंना प्रत्येकी १० टक्केच कायमचे परवडतात. टी२ जातीच्या यंत्रांचे क्रेडिट संपले की वेग आवळला जातो. टी३मध्ये सुरुवातीपासून ‘अनलिमिटेड’ चालू असते, त्यामुळे वेग टिकतो आणि फरक बिलात उमटतो.

प्रश्न : १० टीबीच्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क ठेवण्याच्या जागेवर) आम्ही थिन पद्धतीने, म्हणजे जागा आधी न राखता लागेल तशी देऊन, १८ टीबीच्या डिस्क दिल्या आहेत. धोका किती?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रमाणापेक्षा वाढीचा वेग पाहावा. डेटास्टोअर पूर्ण भरला तर नवी जागा मागणारी व्हीएम जागच्या जागी थांबतात, आणि ती बहुधा एकाच वेळी थांबतात. ८० टक्क्यांवर इशारा लावावा. सर्वप्रथम विसरलेले स्नॅपशॉट (व्हीएमच्या एका क्षणाच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या नोंदी) शोधावेत : एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये, असे व्हीएमवेअरचेच सांगणे आहे, आणि अद्ययावतीकरणाच्या आधी घेतलेले स्नॅपशॉट महिनोन्महिने तसेच पडून असतात. मोठा, जुना स्नॅपशॉट काढताना साचलेले बदल मूळ डिस्कमध्ये लिहावे लागतात, म्हणून ते काम रात्री करावे, आणि डेटास्टोअरमध्ये थोडी जागा शिल्लक असतानाच करावे.