पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे का जमतात?
बहुतेक वेळा ती वाळवी असते. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर नक्कीच; मागचे आखूड आणि कंबर बारीक असेल तर पंखवाल्या मुंग्या. पहिला दमदार पाऊस पडून माती भिजली, वारा पडला की वाळवीचे पंखवाले नर-मादी संध्याकाळी झुंडीने बाहेर पडतात. भिजलेल्या मातीत नवं घर करणं सोपं, म्हणून मुहूर्त हाच! उजेडाकडे झेपावतात, खाली उतरले की पंख टाकून देतात आणि जोडी जमवतात. सकाळी केरात निघतो तो हाच पंखांचा खच.

फवारणीच्या भानगडीत पडू नका. तासभर दिवे मालवा, खिडक्या लावा. उरलेल्यांचा समाचार पाली घेतात. मात्र झुंड दाराच्या चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून निघताना दिसली, तर वाळवी घरातच आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला लगेच बोलवा.