ट्रॉलीवरचे किती, जमिनीवरचे किती?

विचारा सिस्टरला
(जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यांत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या परिसेविका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी सून बीएस्सी नर्सिंग झालेली आहे, आयर्लंडला जायचं म्हणते. परवा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तिथल्या संसदेत एक बाई सरकारला अशी झाडत होती की विचारू नका. सून म्हणाली, पेशंट रात्र रात्र ट्रॉलीवर पडून राहतात, त्यावरून भांडण चाललंय. एवढा पैशाचा देश! काय व माय, तठे बी आठेसारखंच शे का? मग एवढ्या लांब पाठवायचं तरी कशाला?
— एक सासूबाई, पारोळा

उत्तर : ताई, सुनेने खरं तेच सांगितलं. ती बाई मेरी लू मॅक्डॉनल्ड असणार. शिन फेन पक्षाच्या अध्यक्षा आणि २०२० पासून तिथल्या विरोधी पक्षनेत्या. आरोग्यावर त्यांच्या पक्षातर्फे वॉटरफर्डचे खासदार डेव्हिड कुलिनन बोलतात, पण मोठी तोफ बाईच डागतात. बोलणं सरळसोट, कागदाकडे फार न बघता.

आता ट्रॉली. आपण जिला स्ट्रेचर म्हणतो, ती चाकांची. कॅज्युअल्टीत डॉक्टरने तपासलं, ‘अ‍ॅडमिट करा’ असं लिहिलं, पण वर वॉर्डात खाट रिकामी नाही. मग तो पेशंट खालीच, पॅसेजमध्ये, त्या अरुंद ट्रॉलीवर. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिकडे आहे, ती फोनवर सांगते : मॅडम, दिवा रात्रभर चालू, डोक्यापाशी बेल नाही, पडदा नाही. ऐंशीच्या आजोबांना भांडं द्यायचं तर मी चादर धरून उभी राहते. हे ऐकलं आणि मला आपलाच वॉर्ड दिसला. फरक एवढाच की त्यांची ट्रॉली जमिनीपासून वर असते.

आणि फुकट असतं असंही समजू नका. घरच्या डॉक्टरची चिठ्ठी न आणता कॅज्युअल्टीत गेलात तर १०० युरो. गरिबांना मेडिकल कार्ड असतं, त्यांना माफ.

पण एका गोष्टीत तिथे आणि इथे फरक आहे, आणि त्या बाईंच्या आवाजातला जोर तिथूनच येतो. तिथे ट्रॉलीवरची माणसं रोज सकाळी मोजतात. मोजतात कोण, तर नर्सेसची संघटना, आयएनएमओ. प्रत्येक रुग्णालयातला आकडा सकाळी गोळा होतो आणि त्याच दिवशी जाहीर होतो. सरकारी आरोग्ययंत्रणा, तिला तिथे एचएसई म्हणतात, तीही मोजते. दोन्ही आकडे जुळत नाहीत, कारण वॉर्डात जागा नसताना कोंबलेले जादा पेशंटही संघटना धरते. भांडण होतं ते ‘किती’ यावर. ‘आहेत की नाहीत’ यावर नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी संघटनेचा आकडा ९३१ होता, तोवरचा सर्वांत मोठा. सगळ्या देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. तो आकडा हातात घेऊन विरोधक उभा राहिला की मंत्र्याला ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणता येत नाही.

माझी गोष्ट सांगते. कोणत्या दवाखान्यातली ते विचारू नका. मेल मेडिकल वॉर्ड, मंजूर खाटा ३०. पावसाळा सरता सरता मलेरियाचे पेशंट यायचे, सातपुड्याकडचे जास्त. एका रात्री ३० खाटांवर ३० आणि खाली सतरंज्यांवर २२. सलाइन लावायला स्टँड पुरेनात, तर खिडकीच्या गजाला बाटल्या बांधल्या. औषध चुकू नये म्हणून मी फरशीवर खडूने नंबर घातले, फ-१, फ-२, असे फ-२२ पर्यंत. सकाळी मावशीने फरशी पुसली आणि नंबर गेले, मी परत घातले. रात्री बाराच्या सेन्ससमध्ये, म्हणजे पेशंटच्या मोजणीत, ५२ लिहिले, तर दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला, “सिस्टर, मंजूर खाटा ३०, तुम्ही ५२ कसे लिहिता?” पुढे कोणा आमदाराने सभागृहात विचारलं. छापील उत्तर माझ्या हाती आलं तेव्हा त्यात होतं : खाटांची संख्या ३०, रुग्णांना जमिनीवर झोपवले जाते हे खरे नाही. म्हणजे माझे ते २२ जण आलेच नव्हते. त्या दिवसापासून मी एका वहीत माझा माझा आकडा लिहू लागले. ती वही अजून कपाटात आहे. कोणी कधी मागितली नाही.

तेव्हा ताई, पाठवा. भारतातल्या पुष्कळ नर्सेस आधीपासून तिथे आहेत, सून एकटी पडणार नाही. काम इथल्यासारखंच कंबर मोडणारं आहे हे तिला माहीत असू द्या. आणि तिथे गेल्यावर संघटनेची सभासद हो म्हणावं, पहिल्याच महिन्यात.

प्रश्न : मी बीए दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेतलंय. आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्न, लक्षवेधी असतात. आयर्लंडमध्ये विरोधक काय करतात? आणि ओरडून खरंच काही बदलतं का?
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : भाऊ, मी राज्यशास्त्राची नाही, इंजेक्शनची. पण निवृत्तीनंतर वेळ असतो, आणि तिथल्या सभागृहाचं कामकाज मोबाइलवर दिसतं.

त्यांच्या खालच्या सभागृहाला डॉल म्हणतात, पंतप्रधानाला टीशॉक. मंगळवारी आणि बुधवारी टीशॉकना विरोधी नेत्यांसमोर उभं राहावंच लागतं, गुरुवारी त्यांच्या खालोखालच्या मंत्र्याला. नेत्याला ३ मिनिटं, उत्तराला ३ मिनिटं, मग परत एकेक मिनिट. प्रश्न आधी लेखी द्यायचा नसतो, त्यामुळे बाबूंनी लिहून दिलेला कागद नेहमीच उपयोगी पडत नाही.

लेखी प्रश्नही असतात, आणि तिथे त्यांची एक युक्ती आहे. आपल्याकडे कसं, ‘अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या दोन वाक्यांवर खात्याची खाती चालतात. तिकडे मंत्री लिहितात : हा सेवेचा विषय आहे, म्हणून थेट उत्तरासाठी एचएसईकडे पाठवला आहे. ही एचएसई २००५ साली सुरू झाली, सगळी जुनी आरोग्य मंडळं एकत्र करून. पैसा सरकार देतं, दवाखाने ती चालवते. म्हणजे जबाबदारी नेमकी कोणाची, हे शोधण्यात विरोधकाची अर्धी ताकद जाते.

तुला गंमत सांगते. लिओ वराडकर, सायमन हॅरिस, मिहॉल मार्टिन हे अलीकडचे तिन्ही टीशॉक आधी आरोग्यमंत्री होऊन गेलेले. वराडकर तर आपल्या मालवणाजवळच्या वराडचे, वडिलांकडून, आणि स्वतः डॉक्टर. त्यामुळे विरोधकाला सोपं जातं : खुर्चीत कोणीही असो, ‘हे खातं तुम्हीच सांभाळलं होतं’ म्हणायला मोकळा. ट्रॉलीचा प्रश्न म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी आहे, हे २००६ मध्ये तर खुद्द आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनीच म्हटलं होतं. तेव्हापासून मंत्री किती बदलले बघ.

दुसरं हत्यार स्लॉन्टेकेअरचं. २०१७ मध्ये सर्व पक्षांच्या समितीने आरोग्यसेवेचा हा दहा वर्षांचा आराखडा दिला, रोशीन शॉर्टल यांच्या अध्यक्षतेखाली. पैसा बघून नव्हे, गरज बघून उपचार, असा त्याचा गाभा. सगळ्या पक्षांची समिती असल्यामुळे सरकारला ‘हे विरोधकांचं खूळ’ म्हणता येत नाही.

बदलतं का? लिमरिक शहराचं बघ. २००९ मध्ये एनिस आणि नीना या गावांतल्या चोवीस तासांच्या कॅज्युअल्टी बंद करून सगळा भार लिमरिकच्या एका मोठ्या रुग्णालयावर टाकला. कागदावर ठीक होतं, मोठ्या ठिकाणी चांगले डॉक्टर. पण त्या मानाने खाटा वाढवल्याच नाहीत. मग ट्रॉलीच्या यादीत लिमरिक वर्षानुवर्षं पहिलं. तू शहाद्याचा, तुला हे वेगळं सांगायला नको. धडगावहून ‘पुढे न्या’, नंदुरबारहून ‘पुढे न्या’, धुळ्याला पोचेपर्यंत सलाइन संपलेलं. लिमरिकवर विरोधकांनी, स्थानिक लोकांनी, नर्सेसनी इतकी वर्षं रेटा लावला, तेव्हा कुठे ९६ खाटांची नवी इमारत बांधायला घेतली. ओरडून एक इमारत झाली म्हण. मी तरी तिला कमी म्हणणार नाही.

आणि विरोधक म्हणजे साधुसंत, असंही धरू नकोस. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडात शिन फेन सत्तेत वाटेकरी आहे, आणि तिथल्या प्रतीक्षायाद्याही भल्यामोठ्या आहेत. डब्लिनचे सत्ताधारी हे मॅक्डॉनल्डबाईंना दर वेळी ऐकवतात. ऐकवायलाच पाहिजे.

प्रश्न : आयर्लंडच्या नर्सिंग नोकरीसाठी जळगावचा एक एजंट आठ लाख मागतोय. ‘रजिस्ट्रेशन मी करून देतो, तू काळजी करू नकोस’ म्हणतो. द्यावेत का?
— एक स्टाफ नर्स, चाळीसगाव

उत्तर : नको गं. तिथलं रजिस्ट्रेशन एनएमबीआय ही नर्सेसची परिषद देते, आणि अर्ज तुझ्या नावाने, तुझ्या कागदांवर होतो. इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, तुलाच द्यावी लागणार. परिषद कागद तपासून डिसिजन लेटर देते, त्यात पुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं. बहुतेकींना तिथे जाऊन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट किंवा काही आठवड्यांचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे तिथल्या दवाखान्यात देखरेखीखाली काम, करावं लागतं. यातलं काहीच दुसरा ‘करून’ देऊ शकत नाही.

एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असतो, त्याचा नंबर माग आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर जुळवून बघ. नियमाने त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. आठ लाखांची पावती देतोस का, एवढं फक्त विचार. चुळबुळ करायला लागला, तर चहा पिऊन ऊठ. चहाचे पैसे मात्र देऊन टाक, त्याचं काही अंगावर ठेवू नकोस.