उसण भरलीय, आजी म्हणते पायाळू माणूस शोध, काय करू?

तुम्ही लिहिलंय की सिलेंडर उचलताना कंबरेत चमक भरली, तशीही गुहागरच्या घरी झोपाळ्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन काम चालतं त्यामुळे पाठ कायम अवघडलेली, आणि आता आजी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाची लाथ खा म्हणतेय.

लाथेने बरं वाटलेले लोक आमच्या वाडीतही आहेत. पण साधी उसण बऱ्याच जणांची काही दिवसांत उतरायला लागते, काहींना काही आठवडे लागतात, त्यामुळे त्या सुमारास जे कराल त्याला श्रेय मिळतं. आजीचं मन मोडवत नसेल तर नुसता पाय लावून घ्या, ठोसा नको आणि कुणाकडून रगडूनही घेऊ नका.

मलाही पावसाच्या तोंडावर लाकडं रचताना अशी भरली होती. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे! घरच्यांनी लगेच पडवीत फळीवर आडवं केलं. डॉक्टर म्हणाले पडून राहू नका, सोसेल तेवढं चाला. अंथरुणावर पडून राहिलं की पाठ आणखीच आखडते. कडक जमिनीवर झोपायचा आग्रहही सोडा, स्पेनमध्ये 2003 साली 313 जणांवर अभ्यास झाला त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जुनी पाठदुखी जास्त कमी झाली. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, उठताना सरळ उसळी न मारता आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटून उठा. आमच्याकडे निगडीचा पाला उकळून त्या पाण्याने शेकतात, त्यातला पाल्याचा भाग किती आणि गरम पाण्याचा किती ते देव जाणे, पण शेकाने आराम पडतो हे खरं. पेनकिलर मात्र डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः बीपी, किडनी किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर.

आता झोपाळा. मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. मांडीत लॅपटॉप म्हणजे मान खाली, खांदे पुढे, कंबरेला टेकू नाही आणि झोपाळा हलू नये म्हणून पायाने सतत जमीन धरलेली! आंब्याची रिकामी पेटी घरात असेलच, ती टेबलावर पालथी घालून लॅपटॉप वर ठेवा म्हणजे स्क्रीन डोळ्यांसमोर येईल, कीबोर्ड वेगळा घ्या, पाय टेकत नसतील तर खाली पाट. पण ताठ बसायचंच असं मनावर घेऊ नका, एकच आदर्श पोझिशन अशी काही नसते, कितीही छान बसलात तरी तासन्‌तास तसंच राहिलात की दुखणारच. अर्ध्या तासाने उठा, फोन आला की अंगणात फेऱ्या मारत बोला.

कुणी लगेच एमआरआय काढ म्हणेल, तर घाई नको. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे 30 टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये फुगलेली डिस्क दिसते, रिपोर्ट बघून उगाच धसका बसतो. मात्र लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधीरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. ताप असेल, पडून मार लागला असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तरीही दाखवा.

आणि भरलेली टाकी 30 किलोच्या आसपास जाते हो, 14.2 किलो तर नुसता गॅस. ती अंगापासून लांब धरून वाकून उचलली की सगळा भार कंबरेवर. सध्या तरी आणून देणाऱ्यालाच सांगा, दादा, आत शेगडीपाशी ठेवून जा.